९९५४ : एका यादीचं वाचन

पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, हल्ली मालिकांची आणि जाहिरातींचीही होतात. पण ज्या मजकुरासमोर लाखो माणसं रोज आठ-दहा तास बसतात, त्याच्या वाटेला कुणी समीक्षक जात नाही. मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यांबद्दल बोलतोय. त्यातल्याही एका छोट्या खिडकीबद्दल.

बिलाची नोंद करताना 'एचएसएन/एसएसी' असं लिहिलेल्या रकान्यात कर्सर नेला की ती उघडते. वर शोधायची पेटी, खाली तीन रकाने : कोड, वर्णन, दर. दोन-चार अक्षरं टाइप केली की यादी आकसत जाते. बाणाच्या कळीनं खाली-वर जायचं, एंटर मारायचा. खिडकी मिटते, कोड बिलावर बसतो आणि त्याच्या मागोमाग कराची रक्कम आपोआप येते. सगळा कारभार चार सेकंदांचा.

मी पुण्यात, बिल्डर आणि ठेकेदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. अशाच एका खिडकीच्या आतल्या कोडवर माझं काम चालतं. समीक्षकानं आपले लागेबांधे आधी सांगावेत, म्हणून हे सांगून ठेवलं. माझं म्हणणं थोडक्यात असं : या खिडकीतली यादी वाचण्यासारखी आहे, पण खिडकी ती वाचू देत नाही. आणि कायद्यानं जिथे माणसाला विचार करायला सांगितलंय, तिथे ही खिडकी त्याला नुसतं शोधायला लावते.

घराची गोष्ट

आधी यादीबद्दल. वस्तूंसाठीची एचएसएन पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटनेची. ब्रुसेल्सला मुख्यालय असलेल्या या संघटनेनं बांधलेलं वर्गीकरण १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. त्यातले पहिले सहा अंक जगभर सारखे. पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. सेवांचे कोड वेगळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा सेवांना ९९ हे प्रकरण मिळालं आणि बांधकामाच्या सेवांना त्यातला ९९५४ हा क्रमांक.

९९५४ ची छापील यादी कुणी सलग वाचली आहे का? मी वाचली, आणि मला ती आवडली. सुरुवातीला पूर्ण झालेल्या गोष्टी येतात : इमारती, मग रस्ते, पूल, धरणं. त्यानंतर यादी जमिनीवर उतरते. ९९५४३१ पाडकाम. ९९५४३२ जागा मोकळी करणं. ९९५४३३ खोदाई. पुढे ९९५४५१ पाया. मग छप्पर आणि वॉटरप्रूफिंग, काँक्रीट, लोखंडी सांगाडा, ९९५४५६ वीटकाम, ९९५४५७ परांची. त्यानंतर विजेचं फिटिंग, प्लंबिंग, लिफ्ट. शेवटी काचा, ९९५४७२ गिलावा, ९९५४७३ रंग, ९९५४७४ फरशी, सुतारकाम आणि अगदी अखेरीस रेलिंग, कुंपण.

जुनं घर पाडण्यापासून नव्या घराला कुंपण घालेपर्यंतची ही गोष्ट आहे. अधूनमधून क्रम हलतो, वीटकाम झाल्यावर परांची आठवते. पण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इमारत उभी राहते आहे हे कळतं. या यादीत प्रत्येक कोडाला शेजार आहे. गिलाव्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय हे दिसलं की गिलावा म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हेही कळतं. आपल्याकडे अमरकोशाची रचना अशीच आहे. त्यात शब्द वर्गांत राहतात, आपल्या गोताबरोबर. शब्द शोधायला गेलेला माणूस त्याचं गोत बघून येतो.

शोधपेटी हा शेजार उडवून लावते. तिच्यात 'प्लास्टर' लिहिलं की त्या अक्षरांशी जुळणाऱ्या ओळी तेवढ्या उरतात. सेवेतला गिलावा, वस्तूंतलं प्लास्टर ऑफ पॅरिस, प्लास्टरबोर्ड, औषधी पट्ट्यासुद्धा. अक्षरं जुळतात म्हणून एकत्र आलेली ही मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत.

सिमेंट कुठे राहतं?

वस्तूंच्या बाजूला तर खरी गंमत आहे. सिमेंट हा कोड २५२३, म्हणजे प्रकरण २५. या प्रकरणाची सुरुवात मिठापासून होते. मीठ, गंधक, माती, दगड, चुना, सिमेंट असा तो कुटुंबकबिला. वाळूही इथेच, २५०५ वर. पण हेच सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी प्लांटवर एकत्र करून ट्रकमधून साइटवर आणलं, की रेडी मिक्स काँक्रीट होतं आणि त्याचा मुक्काम हलतो प्रकरण ३८ मध्ये, किरकोळ रासायनिक पदार्थांत, ३८२४ वर. आणि तेच काँक्रीट साच्यात ओतून, वाळवून ब्लॉक बनवला, तर तो जातो प्रकरण ६८ मध्ये, दगडाच्या आणि सिमेंटच्या वस्तूंत, ६८१० वर.

एकच करडा पदार्थ. पोत्यात असताना मिठाचा शेजारी, ट्रकमध्ये असताना रसायन, घट्ट झाल्यावर दगडाचा भाऊ. याला वेडेपणा म्हणता येणार नाही. वस्तूवर किती संस्कार झाले त्यानुसार तिला पुढे सरकवत नेणं, हा या वर्गीकरणाचा मोठा विचार आहे. तो एकदा कळला की माणूस न शोधताही अंदाज बांधू शकतो. पण खिडकी तो सांगत नाही. 'सिमेंट' लिहिलं की ती २५२३ दाखवते, भट्टीसाठीचं उष्णतारोधक सिमेंट ३८१६ दाखवते, ६८१० दाखवते. रेडी मिक्सचं नाव काढत नाही, कारण त्या ओळीच्या वर्णनात 'सिमेंट' हा शब्दच नाही.

आता साइटवरचे शब्द टाकून पाहा. 'कोबा' : रिकामी खिडकी. 'गिलावा' : रिकामी. 'सेंट्रिंग' : रिकामी. मग शहाणा माणूस इंग्रजीत 'शटरिंग' लिहितो आणि त्याला दोन ओळी मिळतात. एक ४४१८ मधली, काँक्रीटकामासाठीच्या लाकडी शटरिंगची. दुसरी ७३०८ मधली, लोखंडी परांची आणि टेकूंच्या साहित्याची. दोन्ही वस्तू. स्लॅबखाली फळ्या ठोकणारा, त्या तोलून धरणारा आणि ठरल्या दिवशी उतरवणारा जो माणूस बिल घेऊन समोर उभा आहे, तो या यादीत फळीच्या रूपानं सापडतो. त्याचं काम काँक्रीटच्या कोडात धरायचं, परांचीच्या, की प्रत्येक गटाच्या शेवटी असलेल्या 'इतर' मध्ये? हे कुणीतरी ठरवावं लागतं. घाईत 'इतर' जिंकतं. ९९५४५८, ९९५४६८, ९९५४७८ हे तीन 'इतर' आहेत, आणि घाईच्या दिवशी अर्धं बांधकाम त्यांच्यात मावतं.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं तयार झालेला राज्यव्यवहारकोश इथे आठवतो. दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश पुढे रोजच्या कारभारात कितपत रुळला, हा वेगळा प्रश्न. पण त्याच्या रचनेत एक समज आहे : राज्याची भाषा बदलायची तर जुना शब्द आणि नवा शब्द शेजारी-शेजारी ठेवावे लागतात, म्हणजे कारकुनाला अलीकडून पलीकडे जाता येतं. आमच्या खिडकीत तो दुसरा रकाना नाही. साइटची भाषा आणि कराची भाषा यांच्यामधला पूल हिशेबनिसानं रोज आपल्या डोक्यात बांधायचा.

कोड एक, कर चार

इथवरची तक्रार सोयीची आहे. शब्द वाढवले, शेजार दाखवला की ती मिटेल. खरी तक्रार तिसऱ्या रकान्याबद्दल आहे, 'दर' या रकान्याबद्दल.

एक नोंदणीकृत गवंडी ठेकेदार घ्या. त्याचं काम वीटकाम, कोड ९९५४५६. खिडकीत त्यापुढे लिहिलंय १८ टक्के. आता चार बिलं पाहू.

पहिलं : एका कुटुंबाच्या स्वतंत्र नव्या बंगल्याचं वीटकाम, फक्त मजुरी. विटा, सिमेंट मालकाचं. यावर कर शून्य. एकट्या निवासी घराच्या नव्या बांधकामाचा निव्वळ मजुरीचा ठेका जीएसटीतून माफ आहे, घर एखाद्या निवासी संकुलाचा भाग नसेल तर. दुसरं : तोच बंगला, पण विटा-सिमेंट ठेकेदाराचं. आता हा कामाचा ठेका, ज्याला कायदा वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतो. कर १८ टक्के. तिसरं : पुन्हा निव्वळ मजुरी, पण बिल्डरच्या सोसायटीतल्या इमारतीवर. १८ टक्के. चौथं : निव्वळ मजुरी, एकटं घर, पण जुन्या घराच्या भिंतीची किरकोळ डागडुजी. माफी 'मूळ कामा'ला आहे, दुरुस्तीला नाही. म्हणून १८ टक्के. मात्र पडझड झालेलं घर पुन्हा राहण्याजोगं करायचं असेल, तर ते मूळ कामात बसू शकतं आणि पुन्हा विचार करावा लागतो.

गवंडी तोच, थापी तीच, कोडही तोच. कर कधी शून्य, कधी १८. खिडकी विचारते, काम कुठलं? कायदा विचारतो, करार कसला, कुणासाठी, कशावर, माल कुणाचा? या प्रश्नांना खिडकीत जागा नाही. उत्तराला मात्र आहे.

फ्लॅटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का आणि इतर घरांवर ५ टक्के कर आहे. परवडणारं म्हणजे ४५ लाखांपर्यंत किंमत आणि महानगरात ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र. या नियमापुरता मुंबई महानगर प्रदेश महानगर आहे, पुणे नाही. म्हणजे ७५ चौरस मीटरचा, ४४ लाखांचा फ्लॅट पुण्यात १ टक्क्यात बसतो आणि ठाण्यात ५ टक्क्यांत जातो. पुण्याला महानगर न म्हणणारी ही बहुधा एकमेव जागा असेल जिथे पुणेकर हरकत घेणार नाहीत. पण मुद्दा असा की फरक शहराच्या नावात आणि अधिसूचनेच्या एका व्याख्येत आहे. कोडात त्याचा मागमूस नाही.

कायम वर्तमानकाळ

खिडकीचं व्याकरणही तपासायला हवं. ती फक्त वर्तमानकाळात बोलते. सिमेंटपुढे आज १८ लिहिलेलं दिसेल. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत तिथे २८ होतं. सरकारी बांधकामाच्या बहुतेक ठेक्यांवर १२ टक्के होते. १८ जुलै २०२२ पासून ते १८ झाले. बांधकामात बिलं महिनोन्‌महिने रेंगाळतात. मोजमाप जूनमध्ये, रनिंग बिल जुलैअखेर, पैसे दिवाळीनंतर. मग दर कुठला लावायचा?

कायद्यानं यावर एक सुरेख नियम केलाय. काम, बिल आणि पैसे या तीन घटना. दर बदलण्याच्या तारखेच्या ज्या बाजूला यातल्या दोन पडतील, त्या बाजूचा दर. वरच्या उदाहरणात काम आधी झालं, बिल आणि पैसे नंतर; म्हणून नवा दर. ज्यांनी १२ टक्के धरून टेंडर भरलं होतं, त्यांच्यासाठी हे वरचे सहा टक्के कुणाच्या खिशातून जाणार हा पोटाचा प्रश्न होता. एका छोट्या ठेकेदाराच्या हाती कामातून उरतं तरी किती? पडद्यावर मात्र आकडा एका रात्रीत बदलला, आणि तो केव्हापासूनचा, हे सांगणारं काही शेजारी आलं नाही.

आणि कधी तर भूतकाळच बदलतो. स्वतःच्या मालकीच्या इमारतीच्या बांधकामावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, असं जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(ड) सांगतं. त्यातल्या अपवादात 'प्लांट किंवा मशिनरी' असे शब्द होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सफारी रिट्रीट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या 'किंवा'ला वजन दिलं : एखादी इमारत तिच्या वापरामुळे 'प्लांट' ठरू शकते का, हे त्या-त्या प्रकरणात तपासावं लागेल, असं म्हटलं. त्यानंतर २०२५ च्या वित्त कायद्यानं 'किंवा' काढून 'आणि' घातलं, तेही १ जुलै २०१७ पासून लागू करून. एका उभयान्वयी अव्ययावर मॉल बांधणाऱ्यांचे मोठे हिशेब टांगलेले होते. शब्दांवर इतकं बारकाईनं भांडणारं वाङ्मय हल्ली दुसरं कुठलं आहे? आणि त्याच वाङ्मयाची आमच्या पडद्यावर काय आवृत्ती निघते, तर 'क्रेडिट : होय / नाही'.

'विचारणे'

कामानिमित्त मला ग्राहकांच्या ऑफिसांत बसावं लागतं. एका ठेकेदाराच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या ताईंच्या मॉनिटरच्या कडेला वहीचा एक कागद चिकटवलेला होता. डावीकडे गिलावा, कोबा, सेंट्रिंग, खोदाई, फरशी, उजवीकडे कोड. माल कुणाचा, यासाठी 'मा. आपला' आणि 'मा. त्यांचा' अशा दोन खुणा. काही ओळींसमोर तारखा. आणि तीन-चार ओळींसमोर, लाल पेनानं, कोडाच्या जागी एकच शब्द : 'विचारणे'.

"सर, तुमच्या खिडकीत शोधत बसण्यापेक्षा हे बरं पडतं," त्या म्हणाल्या. "सीएंना फोन करून ठेवते. त्यांचं उत्तर आलं की मग टाकते."

तो कागद मला आमच्या खिडकीची उत्तम समीक्षा वाटतो. खिडकीत नसलेलं सगळं त्यावर होतं. साइटचे शब्द होते, कराराचा प्रकार होता, काळ होता. आणि मुख्य म्हणजे शंकेला जागा होती. आमचा रकाना सक्तीचा आहे. तो रिकामा ठेवून बिल जतन होत नाही. 'अजून ठरलं नाही' हे त्या पडद्यावर लिहिताच येत नाही. मग 'विचारणे'च्या जागी माणूस काय करतो? यादीतली पहिली ओळ निवडतो, किंवा मागच्या वेळी वापरलेली. पुढल्या वेळी खिडकी तीच ओळ सर्वात वर दाखवते, कारण ती 'अलीकडे वापरलेली' असते. एका दुपारची शंका अशी हळूहळू त्या ऑफिसची पद्धत बनते.

दुसरी बाजू

खिडकीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ती नव्हती तेव्हा माणसं मनाला येईल तो कोड लिहायची. एखादा अंक इकडचा तिकडे व्हायचा, वर्णन एक आणि कोड दुसराच असायचा. सरकारी पोर्टलनंही २०२५ मध्ये विवरणपत्रातल्या एचएसएनच्या तक्त्यात हातानं कोड लिहिणं बंद करून यादीतूनच निवडायची सक्ती केली, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी कायद्याचा तास नको असतो. सॉफ्टवेअर काही सीए नाही, त्यानं निवाडे देऊ नयेत, हेही खरं.

पण मग त्यानं निवाड्यासारखं दिसूही नये. कोडापुढे ठळक अक्षरांत १८ लिहिणं हा निवाडाच आहे. आमच्या धंद्यात एक वाक्य मंत्रासारखं म्हटलं जातं : वापरणाऱ्याला विचार करायला लावू नका. सिनेमाचं तिकीट काढताना ते शंभर टक्के बरोबर. इथे मात्र विचार करणं हेच काम आहे. पडद्यावर वाचवलेला तो विचार पुढे कुणाला तरी करावाच लागतो : नोटीस आल्यावर, दोन-तीन वर्षांनी, कमी भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज चढल्यावर. तेव्हा ठेकेदार विचारतो, हा कोड कुणी टाकला? नोंदीत नाव ताईंचं असतं. खिडकीचं कुठेच नसतं.

त्यामुळे खिडकीनं काय करावं, याची माझी मागणी त्या कागदापेक्षा मोठी नाही. निवडलेल्या कोडाच्या वरच्या-खालच्या चार ओळी दिसू द्याव्यात. वर्णनाशेजारी साइटवरच्या शब्दांसाठी एक रकाना असावा, आणि तो त्या-त्या ऑफिसला स्वतः भरता यावा. दरापुढे 'कधीपासून' लिहावं. जिथे दर कोडावरून ठरत नाही, तिथे आकड्याऐवजी प्रश्न दाखवावा : माल कुणाचा? घर एकटं की संकुलातलं? नवं काम की दुरुस्ती? आणि निवडीच्या यादीत, अगदी वर, 'विचारणे' असावं. ते निवडलं तर बिल जतन व्हावं, पण उत्तर येईपर्यंत विवरणपत्रात जाऊ नये.

यातलं तांत्रिकदृष्ट्या काहीही अवघड नाही. यादीत एक ओळ आणि तक्त्यात दोन रकाने, एवढंच ते काम आहे. आमच्याकडच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा विचारलं गेलं की 'विचारणे' हा पर्याय दिला तर लोक तोच निवडत बसतील, त्याचं काय? मला वाटतं, किती लोक तो निवडतात हे मोजायला हवं. आज या घडीला किती बिलांवर खात्रीनं कोड बसलाय आणि किती बिलांवर नुसता एंटर मारलाय, हे आमच्यापैकी कुणीच सांगू शकत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.